हंस दिसेपर्यंत

हंस हा पक्षी मी जिवंत कधी पाहिलेला नाही. पण त्याच्या पाठीवर भात वाढून घेऊन मी अर्धं आयुष्य जेवले आहे, तेव्हा त्याची-माझी ओळख नाही असं कुणी म्हणू नये.

आमच्या सासूबाईंची एनॅमलची ताटं होती. पांढरीशुभ्र, काठाला निळी रेघ आणि मधोमध निळा हंस. मान खाली घातलेला, पाण्यात स्वतःचं तोंड बघत असल्यासारखा. सासूबाईंचा नियम एकच. वाढलेलं सगळं संपवायचं आणि तळाचा हंस दाखवूनच उठायचं. "हंस दिसला की समजायचं, पोट भरलं," असं त्या म्हणायच्या. हंस न दाखवता जो उठेल त्याची खैर नसे. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, पण या ताटांनी मला जे शिकवलं ते शिकवायला कुठल्या मास्तरांची छाती झाली नसती. पुढे स्टील आलं, काच आली, आणि हंस एका पत्र्याच्या पेटीत बसून इमारतीच्या तळघरात गेले. वर राहिलं फक्त आमच्या ह्यांचं एक ताट. त्यातून जेवल्याशिवाय यांना जेवल्यासारखं वाटत नाही.

तर झालं असं, की आमच्या धाकटीने आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा चांगला होता, हे मी त्याला बघितल्याबरोबर ओळखलं आणि म्हणूनच कुणाला सांगितलं नाही. आता त्याचे आईवडील आमच्याकडे जेवायला यायचे होते.

"करतात काय ते लोक?" मी विचारलं.

"गाड्या आहेत त्यांच्या, आई. शहरभर फिरतात. म्हणजे त्या गाड्या..."

"टॅक्सीच्या असणार," मी म्हटलं. समोरच्याने वाक्य सुरू केलं की ते मीच पूर्ण करते. त्यामुळे वेळ वाचतो.

"नाही गं, ऐक ना. तुला एक सांगायचंय..."

"बंगला आहे म्हणतेस ना? मग काय सांगायचं ते कळलं. आपलं घर लहान आहे म्हणून मी त्यांच्यासमोर मान खाली घालीन असं वाटतं तुला?"

धाकटीने कपाळाला हात लावला आणि कामावर निघून गेली. नंतरही दोन-तीनदा तिने 'आई, तुला एक सांगायचंय' असं म्हणून बघितलं. पण मी तोपर्यंत एका मोठ्या विचारात पडले होते. बंगलेवाल्या माणसांना वाढायचं कशात?

गल्लीच्या पलीकडे नवं घर बांधून राहायला आलेल्या एक बाई आहेत. त्यांना आम्ही भोंगाबाई म्हणतो. त्यांच्या कानात सांगितलेली गोष्ट त्यांच्या तोंडातून निघेपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचलेली असते. त्या लगेच हजर झाल्या.

"माझा काचेचा सेट न्या ना. सोनेरी काठाचा. तुमच्याकडे असं काही नसेलच."

एखाद्याला मदत करताना त्याच्या नाकावर बुक्की कशी मारावी, हे या बाईंकडून शिकावं.

"आमच्याकडे हंसाची ताटं आहेत," मी म्हटलं. "जुनी. घराण्याची."

हे तोंडातून निघालं आणि मी अडकले. बोललेला शब्द परत घेण्याची आमच्या घरात पद्धत नाही. निदान माझी तरी नाही.

तळघराची किल्ली सेक्रेटरींकडे असते. सरळ कामाला वाकडं वळण लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मी म्हटलं, पेटी काढायचीय. ते म्हणाले, अर्ज करा. अर्ज केला. म्हणाले, पेटीत काय आहे ते लिहा. 'जुनी भांडी' असं लिहिलं. म्हणाले, किती जुनी? मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा जुनी आणि तुमच्यापेक्षा उपयोगी." यावर त्यांनी चष्मा पुसला आणि फळ्यावर नोटीस लावली, की अमुक घरची पेटी तळघरातून हलवण्यास कुणाची हरकत असल्यास कळवावे.

आणि हरकत आली की हो! तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी कळवलं, की त्यांची आरामखुर्ची त्या पेटीवर ठेवलेली आहे, पेटी हलली तर खुर्ची कुठे जाणार? खुर्चीवर कुणाचे तरी पडदे होते, पडद्यांवर इमारतीचा बंद पडलेला पंप होता, आणि पंप इमारतीचा असल्यामुळे तो उचलायला सभा बोलवावी लागेल, असं सेक्रेटरींचं म्हणणं पडलं. सासूबाईंच्या ताटांसाठी सभा! त्या असत्या तर त्यांनी सेक्रेटरींनाच पंपाखाली ठेवलं असतं. सभा झाली. सभेत पंपाविषयी भांडण झालं, पेटीचं नावही निघालं नाही. शेवटी मीच तळघरात उतरून पंपाला हात घातला. ते बघून सेक्रेटरींनी "अहो, नियम, नियम!" करत दुसऱ्या बाजूने हात लावला आणि पंप त्यांच्या पायावर बसला. नंतर कुणाची हरकत राहिली नाही.

पेटीची किल्ली हरवलेली होती. हे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. यांनी एक बारीकसा पेचकस कुलपात घातला, डोळे मिटले, आणि कुलूप उघडलं. हे काही बोलले नाहीत. हे एरवीही बोलत नाहीत. मी बोलत असताना घरात तेवढी जागा उरत नाही.

पेटी उघडली. ताटं होती, पण हंस उडाले होते. एकात नुसती मान उरलेली, छत्रीच्या दांड्यासारखी. एकात शेपटी. एकात तर फक्त निळा डाग, धोब्याकडून परत आलेल्या कपड्यावर असतो तसा. घराण्याची ताटं म्हणून मी जी गल्लीभर सांगितली ती ही!

"रंगवून घ्या," भोंगाबाई म्हणाल्या. त्या दारात उभ्याच होत्या. "बाजाराच्या तोंडाशी पाट्या रंगवणारा आहे ना, त्याच्याकडे द्या."

सल्ला बरा होता. त्यांच्या तोंडून आला म्हणून मी तो आधी नाकारला आणि दुपारी गुपचूप पेंटरकडे गेले.

पेंटरने ताट उलटंसुलटं केलं. "हंस ना? डोळे मिटून काढीन. हा हंस माझ्या हातातच बसलाय, मावशी."

"रंग टिकेल ना? ताटात गरम रस्सा पडतो."

"मावशी, याच रंगाचा हंस मी गाड्यांवर काढतो. ऊन, पाऊस, आणखी काय काय सोसतो तो. तुमच्या रश्श्याला काय घाबरणार?"

'आणखी काय काय' म्हणजे काय, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण विचारणं म्हणजे आपल्याला कळलेलं नाही हे कबूल करणं.

ह्यांनी आपलं ताट मात्र पेंटरकडे दिलं नाही. "याला रंग नको," एवढंच म्हणाले आणि ताट फळीवर उंच ठेवलं.

ताटं परत आली ती बघून मी हरखून गेले. काय तो हंस! सासूबाईंचा मान खाली घालून होता, याने मान वर ताठ केलेली, छाती पुढे, चोच आकाशात. मला वाटलं, बरोबरच आहे, घराण्याचे दिवस पालटले. आणि एका ताटात तर पेंटरने हंसाच्या खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'चोवीस तास सेवा'. बाकीच्या ताटांत नव्हतं, त्या एकातच. ते वाचून माझे डोळे भरून आले. या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून काय करते आहे हे नवऱ्याने कधी म्हटलं नाही, मुलांनी म्हटलं नाही, आणि एका पाट्या रंगवणाऱ्याने न सांगता ओळखलं. तेव्हाच मी ठरवलं, हे मानाचं ताट. हे व्याह्यांना.

जेवणाच्या दिवशी सकाळी भोंगाबाई डोकावल्या. ओट्यावर ताटं मांडलेली. त्यांनी ती बघितली, तोंड उघडलं, आणि त्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच त्यातून काही निघालं नाही. मग सावकाश हसल्या.

"छान आहेत," म्हणाल्या. "यातच वाढा हं. बदलू नका."

बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, अशी मला काळजी वाटली.

धाकटी पाहुण्यांना घेऊन थेट बाहेरूनच आली. व्याही चांगले आडवे-उभे, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मात्र खालच्या पट्टीतला. आणि सेंट असा लावलेला की त्यांच्या आधी तो आत आला. मी मनात म्हटलं, श्रीमंती दाखवायची हौस. विहीण बारीक चणीच्या, डोळे सतत कशाला तरी हसत असलेले. खुर्चीवर बसताना दोघंही जरा अंग चोरूनच बसली. बंगल्यात राहणाऱ्या माणसांनी आमच्या खुर्च्यांना एवढं भ्यायचं काय कारण, मला कळेना.

मी स्वयंपाकघरातूनच ताटं भरभरून आणली. हंस झाकला गेला पाहिजे असं वाढायचं, ही सासूबाईंची शिस्त. जेवणं सुरू झाली. व्याह्यांना माझा रस्सा आवडला. ते तोंडाने काही म्हणाले नाहीत, पण कपाळावर घाम आला आणि हात थांबेना. अशी दाद मला समजते. मुलगा धाकटीकडे बघत जेवत होता, त्यामुळे त्याचं अर्धं जेवण टेबलावर. सगळं कसं झकास चाललं होतं.

आणि मग व्याह्यांच्या ताटात भाताच्या कडेने एक चोच वर आली.

त्यांचा हात मंदावला. त्यांनी बोटाने भात जरा बाजूला सारला. मान दिसली. छाती दिसली. मग त्यांनी सगळाच भात एका काठाला लोटला, आणि 'चोवीस तास सेवा' स्वच्छ वाचता यायला लागलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. "हा आमच्या घराण्याचा हंस!" मी म्हटलं. "आमच्या सासूबाई म्हणायच्या, हंस दिसला की समजायचं, पोट भरलं."

व्याह्यांनी हात ताटाच्या काठावर ठेवला. "आमचा हंस दिसला," ते म्हणाले, "की लोक समजतात, टाकी भरली."

मला काही कळलं नाही. धाकटीने मात्र वाकून त्यांच्या ताटात बघितलं आणि तिचा चेहरा त्या एनॅमलसारखा पांढरा झाला.

"बाई," व्याही म्हणाले, "मैला उपसायच्या गाड्या आहेत आमच्या. तुम्हाला माहीत आहेच. त्यांच्यावर हाच हंस आहे, हाच रंग, हीच अक्षरं. मुलासाठी याआधी दोन घरी गेलो. एका घरी नंतर फोन उचलला नाही. दुसऱ्यांनी मुलीला बरं नाही असं सांगितलं. चालायचंच. पण ताटात चित्र काढून कुणी सांगितलं नव्हतं. नको असेल तर नुसतं नाही म्हणायचं होतं."

आणि ते उठायला लागले.

"आई!" धाकटी म्हणाली. "तू मुद्दाम केलंस?"

मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही ऐकवलं आहे, मी सव्याज परत केलं आहे. पण हे तीन शब्द कुठे ठेवावेत ते मला कळेना. माझ्या पोटच्या मुलीला हे खरं वाटलं. माझ्या स्वभावावरून ते कुणालाही खरं वाटलं असतं, हेही मला तेव्हाच समजलं. मैल्याची गाडी दिसली की मी नाक धरून तोंड फिरवते. मग तिच्यावर काय काढलंय ते मला दिसणार कसं? पण हे त्यांना सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? तो मुलगा खाली बघत बसला होता. धाकटीचं सगळं पुढचं आयुष्य त्या ताटात सांडलं होतं, आणि वाढणारी मी होते.

तेवढ्यात हे उठले. स्वयंपाकघरात गेले, फळीवरचं आपलं ताट घेऊन आले आणि व्याह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. काठाला टवके उडालेले, हंस विटलेला, मान खाली.

"हा मूळचा," हे म्हणाले. "माझ्या आईचा. बाकीचे पुसले होते ते हिने पेंटरकडून काढून घेतले. त्याने आपल्या हाताला सवय होती तसा काढला." मग जरा थांबले. मला वाटलं, यांच्या वर्षभराच्या वाट्याचं बोलून संपलं. पण हे पुढे म्हणाले, "आणि साहेब, हिला कुणाचा अपमान करायचा असेल तर ही तोंडाने करते. चित्राची गरज हिला आजवर पडलेली नाही."

मग विहीणबाईंच्या बाजूने एक बारीक आवाज आला. आधी मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत.

"चोवीस तास सेवा..." त्या म्हणाल्या. "हे यांच्याच ताटात कसं आलं हो?"

"मानाचं ताट म्हणून दिलं," मी म्हटलं. "मला वाटलं, ते माझ्यावर लिहिलंय."

मग त्यांना आवरेना. हसता हसता त्यांनी नवऱ्याचं ताट आपल्याकडे ओढलं, कडेचा भात बोटांनी पुसून घेतला आणि हंस पूर्ण उघडा केला. बराच वेळ बघत राहिल्या.

"आमची गाडी दिसली की लोक खिडक्या लावून घेतात," त्या म्हणाल्या. "या हंसाला कुणी ताटात बसवलेलं मी आज पहिल्यांदा बघतेय. अहो, बसा खाली. अशा घरातून उपाशी उठायचं नसतं."

व्याही उभेच होते. त्यांनी एकदा आमच्या ह्यांच्या ताटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे दोन शब्द ऐकायला सासूबाई असायला हव्या होत्या. त्यांची फार इच्छा होती.

व्याही खाली बसले. "हंस म्हणे पाण्यातून दूध वेगळं काढतो," ते म्हणाले. "म्हणून माझ्या वडिलांनी हे चिन्ह घेतलं होतं. आम्ही पाण्यातून काय वेगळं काढतो, ते जेवताना सांगत नाही." आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "वाढा. झाकून टाका त्याला. रस्सा जास्त घाला."

मी वाढलं. घाईघाईत थोडं टेबलावरही वाढलं. धाकटी उठून माझ्यामागे आली आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. लहानपणी रुसवा काढायची तेव्हा असंच करायची. त्या दिवशी व्याह्यांनी तीनदा हंस दाखवला.

लग्न झालं, सगळं छान झालं, ते सांगत बसत नाही. सांगायचं आहे ते उपकाराचं. ह्यांचे मी कधी उपकार मानले नव्हते. आता रोज मानते, अर्थात मनात. विहीणबाईंचे तर किती मानावेत! त्यांनी त्या क्षणी रडायचं ठरवलं असतं तर त्यांना कुणी दोष दिला नसता. त्या हसल्या, म्हणून माझी मुलगी आज सुखात आहे. पेंटरला फाडून खायला म्हणून मी गेले होते. तो म्हणाला, "रंग टिकला ना, मावशी?" टिकला. काथ्याने घासलं, राखेने घासलं, मान ताठ ती ताठच. वाटलं, या हंसानेच तर माझी मान खाली घालायला लावली, आणि कधी नव्हे ती वेळेवर. पेंटरला डबाभर गोड देऊन परत आले. रंग पोटात जायला नको म्हणून ती ताटं आता रोज वापरत नाही. फळीवर उभी करून ठेवली आहेत, दारातून आत येणाऱ्याला आधी दिसतील अशी.

राहता राहिल्या भोंगाबाई. परवा त्यांच्याकडे पाहुणे भरलेले असताना त्या धावत आल्या. त्यांचं नवं घर, नवी टाकी, आणि टाकीने त्या दिवसाचा मुहूर्त धरलेला. अंगणात पाऊल ठेवायची सोय नव्हती.

"तुमच्या व्याह्यांना सांगा ना हो," त्या म्हणाल्या. "त्यांची गाडी दोन दिवस मोकळी नाही म्हणतात. तुमच्या शब्दाला मान आहे तिथे."

'यातच वाढा हं, बदलू नका' हे माझ्या कानात अजून ताजं होतं. मी त्यांना खुर्ची दिली. 'चोवीस तास सेवा'चं ताट फळीवरून काढलं, पुसलं, त्यावर एक स्वच्छ ताटली ठेवली आणि ताटली भरून वाढलं.

"आता जेवू?" त्या किंचाळल्या. "पाहुणे खोळंबलेत!"

"हंस दिसेपर्यंत जेवायचं," मी म्हटलं. "ताटली उचलली की दिसेल. तोवर मी फोन करते."

त्या जेवल्या. इतक्या वेगाने आणि इतक्या मुकाट्याने त्यांना जेवताना कुणी पाहिलं नसेल. फोन मी त्यांचा पहिला घास पोटात जायच्या आतच केला होता. पाहुण्यांचा काय दोष?

गाडी आली. व्याही स्वतः चालवत आले होते. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून धाडधाड बंद झाल्या. मी माझी उघडी ठेवली आणि हात केला. त्यांनी हॉर्न वाजवला. वास आला, खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. पण मी तोंड फिरवलं नाही. गाडीवरचा हंस पुरता दिसेपर्यंत खिडकीत उभी राहिले.